जगप्रवासातला समुद्रकिनारी मुक्काम : बेळगाव भागातील कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांसह दीर्घ जगप्रवासाला निघाल्यापासून बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातील नातेवाईक, शेजारी व परिचितांकडून आम्हाला सतत विचारणा होत असते. त्यांपैकी बहुतेकांना फिरण्याविषयी फारसे विचारायचे नसते. मध्येच एका उष्णकटिबंधीय किनाऱ्यावर घर घेऊन आम्ही थांबलो, त्या मुक्कामाविषयीच जास्त कुतूहल असते. आम्ही हा मुक्काम थायलंडच्या अंदमान समुद्राकडील को लांता या बेटावर केला, त्यामुळे पुढील उत्तरांत त्या बेटाचे तपशील अधिक आहेत. निवडीचे आणि तयारीचे मुद्दे मात्र इतर किनाऱ्यांनाही लागू पडतील.

जग पाहायला निघाल्यावर एकाच किनाऱ्यावर महिनाभर बसून राहण्यात काय अर्थ आहे?

पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या दिंडीचेही मुक्काम आधी ठरलेले असतात आणि त्यांना कोणी वेळेचा अपव्यय म्हणत नाही. दीर्घ प्रवासातही तेच आहे. दर तीन-चार दिवसांनी सामान बांधायचे, नवे शहर, नवे चलन, नवे अंथरूण, पुन्हा तिकिटांची शोधाशोध, असे काही महिने चालले की प्रत्येक नवी वास्तू आधीच्या वास्तूसारखीच दिसू लागते. मुले किरकोळ कारणावरून रडतात, मोठी माणसे एकमेकांवर खेकसतात आणि ज्या संग्रहालयासाठी हजारो किलोमीटर आलो त्याच्या दारातच 'आज राहू द्या' असे कोणीतरी म्हणते. हा थकवा एका रात्रीच्या झोपेने जात नाही.

किनाऱ्यावरचा मुक्काम त्यासाठी असतो. तो सहलीतली आणखी एक सहल होता कामा नये. लोक तिथेही रोज एक बेट, एक धबधबा, एक बाजार असा कार्यक्रम आखतात आणि महिनाअखेर आले त्याहून अधिक दमून निघतात. आमचे स्पष्ट मत असे आहे की, मुक्कामातील निम्म्याहून अधिक दिवसांच्या रकान्यात काहीही लिहिलेले नसावे.

मुक्काम किती दिवसांचा असावा?

किमान तीन आठवडे, आणि जमल्यास पूर्ण महिना. पहिला आठवडा धुणे, झोप आणि राहिलेली कागदपत्रे यांतच जातो. दुसऱ्या आठवड्यात दुकानदार ओळखू लागतात आणि घराला घरपण येते. खरी विश्रांती त्यानंतर सुरू होते. शिवाय महिन्याच्या बोलीने घेतलेले घर रोजच्या दराच्या मानाने बरेच स्वस्त पडते. वरची मर्यादा व्हिसा ठरवतो.

कोणत्या महिन्यात कोणता किनारा निवडावा?

या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस लागला की मालवण-वेंगुर्ल्याचा समुद्र खवळतो हे आपण गृहीत धरतो, पण उष्ण कटिबंधात सगळीकडे एकच पावसाळा नसतो, आणि एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांचे हंगाम परस्परांच्या नेमके उलट असू शकतात.

थायलंडच्या पश्चिमेकडील अंदमान किनाऱ्यावर, म्हणजे क्राबी, फुकेत व को लांता येथे, नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा आणि शांत समुद्राचा काळ असतो. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वारे तिथेही आपल्यासारखाच पाऊस आणतात. त्याच देशाच्या पूर्वेकडील आखातात, को सामुईच्या बाजूला, सर्वांत जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. श्रीलंकेत नैर्ऋत्येकडील उनावटुना, वेलिगामा व मिरिस्सा हे किनारे डिसेंबर ते मार्च चांगले असतात, तर पूर्वेकडील त्रिंकोमाली व अरुगम बे यांचा हंगाम मे ते सप्टेंबर असतो. बालीत साधारण एप्रिल ते ऑक्टोबर कोरडे हवामान असते, त्यामुळे आपल्या पावसाळ्यात किनारा हवा असेल तर तिकडे पाहावे. व्हिएतनामच्या मध्य किनाऱ्यावर, दा नांग व होई आन येथे, मार्च ते ऑगस्ट उत्तम आणि त्यानंतर वादळे व पूर. मॉरिशसमध्ये जानेवारी ते मार्च चक्रीवादळांची धास्ती असते. फिलिपिन्समध्ये डिसेंबर ते मे हा काळ त्यातल्या त्यात निर्धोक.

प्रवासाचा आराखडा करताना आधी थकव्याचा अंदाज घ्यावा, म्हणजे निघाल्यापासून चौथ्या-पाचव्या महिन्यात आपण कोणत्या खंडात असू हे पाहावे, आणि मग त्या महिन्यात हंगाम असलेला किनारा शोधावा. छायाचित्र पाहून किनारा ठरवायचा आणि मग हवामान पाहायचे, या उलट्या क्रमाने महिनाभर खिडकीतून पाऊस बघत बसण्याची वेळ येते.

तुम्ही को लांता का निवडले? गोवा किंवा कारवार काय वाईट होते?

वाईट काहीच नव्हते. चोर्ला घाट उतरला की गोवा, आंबोली उतरली की सावंतवाडी आणि पुढे वेंगुर्ले. बेळगावकराला समुद्र लांब नाही. परंतु आम्ही तेव्हा आग्नेय आशियात होतो आणि मध्येच घरी परतलो असतो तर प्रवास पुन्हा सुरू झाला असता की नाही याचीच शंका होती.

को लांता याई, म्हणजे ज्याला सगळे नुसते को लांता म्हणतात ते, क्राबी प्रांतातील सुमारे 30 किलोमीटर लांब, चिंचोळे बेट आहे. पश्चिम बाजूला एकापाठोपाठ एक किनारे आहेत, उत्तरेला सालादान हे बंदराचे गाव, आणि पूर्वेला लाकडी घरांचे जुने लांता गाव. फुकेतसारखी गजबज नाही. उत्तरेकडील ख्लोंग दाओ हा किनारा उथळ असून पाणी हळूहळू खोल होते, त्यामुळे लहान मुले असलेल्या कुटुंबांनी आधी तो पाहावा. त्याखालचा फ्रा ए, ज्याला लाँग बीच म्हणतात, लांबलचक व मऊ वाळूचा आहे. ख्लोंग खोंग येथे ओहोटीला खडक उघडे पडतात. खेकडे-शंख शोधायला ही जागा चांगली, पण पोहण्यासाठी भरतीची वाट पाहावी लागते. दक्षिणेकडील कांतियांग उपसागर देखणा आहे, मात्र तिथले रस्ते चढउताराचे आणि दुकाने कमी. बेटाचे दक्षिण टोक व आसपासची बेटे 1990 मध्ये घोषित झालेल्या मू को लांता राष्ट्रीय उद्यानात येतात. साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हे उद्यान पर्यटकांसाठी बंद असते.

तेथे पोहोचायचे कसे?

थेट बेळगावहून निघणाऱ्यांनी बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मोठ्या विमानतळावर जाऊन तिथून बँकॉक, आणि बँकॉकहून क्राबी असा मार्ग धरावा. गोव्यातील मोपा किंवा दाभोळी विमानतळ गाठूनही पुढची जोडणी पाहता येते. वेळापत्रके वारंवार बदलतात, म्हणून दोन्ही बाजूंनी तपासावे. क्राबी विमानतळावरून व्हॅनने दोन-अडीच तास लागतात. मुख्य भूमीवरून वाहनासह फेरीने लांता नोई या शेजारच्या बेटावर जायचे आणि तिथून 2016 मध्ये सुरू झालेल्या सिरी लांता पुलावरून लांता याईवर. हंगामात फेरीला रांग असते. मुलांसाठी पाणी आणि खाऊ हाताशी ठेवावा.

व्हिसा आणि पासपोर्ट यांबाबत काय काळजी घ्यावी?

थायलंडने 15 जुलै 2024 पासून भारतीय पासपोर्टधारकांना पर्यटनासाठी 60 दिवसांपर्यंत व्हिसाविना राहण्याची सवलत लागू केली. अशा सवलती सरकारे बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याच्या आठवड्यात थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर चालू नियम पाहणे बंधनकारकच समजावे. 1 मे 2025 पासून आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन पत्रक ऑनलाइन भरावे लागते. ते कुटुंबातील प्रत्येकासाठी, तान्ह्या मुलासाठीसुद्धा, भरायचे असते आणि त्याला शुल्क नाही. पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले तर ते सरकारी नाही हे ओळखावे. परतीचे किंवा पुढच्या देशाचे तिकीट आणि पुरेसे पैसे असल्याचा पुरावा मागितला जाऊ शकतो. बालीसाठी इंडोनेशियाचा आगमनावर मिळणारा व्हिसा 30 दिवसांचा असून तो एकदा आणखी 30 दिवसांनी वाढवता येतो.

पासपोर्टबाबत आपल्या भागातील लोकांना एक खास अडचण येते. 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगाव शहराचे अधिकृत इंग्रजी नाव Belgaum ऐवजी Belagavi झाले, त्यामुळे आईवडिलांच्या पासपोर्टवर जन्मस्थान जुन्या स्पेलिंगने आणि मुलांच्या पासपोर्टवर नव्या स्पेलिंगने असते. त्यात आधारकार्डावरील नाव कन्नडवरून इंग्रजीत उतरलेले, शाळेच्या दाखल्यावरील नाव मराठीवरून, आणि मधले नाव कुठे पूर्ण तर कुठे आद्याक्षर. व्हिसाच्या अर्जात, तिकिटावर आणि विम्यात प्रत्येकाचे नाव व जन्मस्थान त्याच्या पासपोर्टवर आहे तसेच, अक्षरन् अक्षर, लिहावे. सगळ्या कुटुंबाचे एकसारखे करण्याच्या मोहात पडू नये. मुलाच्या जन्मदाखल्याची आणि विवाह नोंदणी दाखल्याची इंग्रजी प्रत जवळ ठेवावी.

अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट साधारणपणे 5 वर्षांचाच असतो. लांबच्या प्रवासात त्याची मुदत सहा महिन्यांच्या आत येणार असेल तर निघण्यापूर्वीच नवा काढावा. प्रौढांनी 60 पानांची पुस्तिका मागावी. शिक्क्यांनी पाने लवकर भरतात.

घर कसे शोधावे?

पहिल्या चार-पाच रात्रींसाठीच ऑनलाइन आरक्षण करावे आणि उरलेल्या काळासाठी घर प्रत्यक्ष फिरून पाहावे. संकेतस्थळावर 'समुद्रापासून दोन मिनिटे' असे लिहिलेल्या घरासमोर मध्ये मोठा रस्ता असू शकतो, आणि लहान मूल असेल तर ती दोन मिनिटे फार महत्त्वाची असतात. घर पाहताना नळाच्या पाण्याचा जोर, खिडक्यांच्या जाळ्या, फ्रीजचा आकार, शेजारी रात्रीचे संगीत वाजणारे ठिकाण आहे का, आणि मोबाइलवर इंटरनेटचा वेग किती मिळतो हे तपासावे. विजेचे बिल बहुधा मीटरप्रमाणे वेगळे असते, म्हणून पहिल्या दिवशी मीटरचे छायाचित्र काढून घरमालकाला पाठवावे. वातानुकूलन यंत्र दिवसभर चालले तर बिलाचा आकडा भाड्याशी स्पर्धा करू लागतो. परदेशी पाहुणा राहायला आल्याची नोंद 24 तासांत देण्याची जबाबदारी तिथे घरमालकाची असते. ती दिली का, हे नम्रपणे विचारून घ्यावे.

आमच्याच एका घरमालकाने अनामत रक्कम परत करताना आधीच फाटलेल्या मच्छरदाणीचे पैसे कापले. तेव्हापासून आत पाऊल टाकताच प्रत्येक खोलीचे चित्रीकरण करण्याची सवय घरातील मुलांनीच लावून घेतली आहे.

खर्चाचे गणित कसे बसवावे?

किनाऱ्यावरचा महिना हा प्रवासातील स्वस्त महिन्यांपैकी एक ठरू शकतो, कारण प्रवासखर्च जवळजवळ शून्य होतो आणि जेवण घरी शिजते. उलट रोज बोटीच्या सहली आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांत जेवण घेतले तर तोच महिना सर्वांत महाग पडतो. थायलंडमध्ये परदेशी कार्डाने एटीएममधून पैसे काढताना प्रत्येक वेळी 200 बाटपेक्षा जास्त शुल्क लागते, म्हणून थोडे थोडे न काढता एकदाच मोठी रक्कम काढावी. आणि यंत्राने 'रुपयांत रूपांतर करू का' असे विचारल्यास नकार देऊन बाटमध्येच व्यवहार करावा. भारतातून परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची मर्यादा दर आर्थिक वर्षाला माणशी 2.5 लाख डॉलर आहे. एका कुटुंबाचा प्रवासखर्च तिच्या जवळपासही जात नाही. परंतु वर्षाला 10 लाख रुपयांपेक्षा अधिक रक्कम पाठवल्यास बँक उगमस्थानी कर गोळा करते, हे सनदी लेखापालाशी आधीच बोलून घ्यावे.

शाकाहारी आणि जैन कुटुंबांचे जेवणाचे काय?

निपाणी, सदलगा व चिकोडी परिसरातील जैन परिचित हा प्रश्न हमखास विचारतात. थाई स्वयंपाकात माशांचा रस, म्हणजे नाम प्ला, हा मिठासारखा पडतो आणि आमटीच्या वाटणात कोळंबीची पेस्ट असते, त्यामुळे 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही. 'जे' असे सांगितल्यास मांस, मासे, अंडी, दूध आणि कांदा-लसूणही वगळलेले जेवण मिळते. अशा ठिकाणी पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांची खूण असते. कंदमुळे मात्र त्यात वर्ज्य नसतात, तेवढे वेगळे सांगावे लागते. 'माय साय नाम प्ला' हे चार शब्द कागदावर लिहून खिशात ठेवावेत.

खरा उपाय स्वयंपाकघर असलेले घर हाच आहे. सालादानच्या बाजारात वांगी, चवळीच्या शेंगा, दुधी, नारळ, कढीपत्त्याच्या जागी चालणारी इतर पाने, हळद, आले आणि उत्तम केळी मिळतात. ताजे खोबरे यंत्रावर किसून समोर देतात. त्या किसाचे पहिले दूध काढून त्यात थोडी चिंच, हिरवी मिरची आणि मीठ घातले की आमसुलाविनाही सोलकढीची तहान भागते. तांदूळ सुवासिक असतो, पण आपल्या खानापूरच्या तांदळापेक्षा चिकट होतो, म्हणून पाणी कमी घालावे. कणीक मात्र शोधावी लागते. ज्वारीचे पीठ नेण्याचा हट्ट करू नये, दमट हवेत ते लवकर कडवट होते. शेंगदाण्याची व कारळ्याची चटणी, मेतकूट, भडंगाचा मसाला आणि थोड्या कडक भाकऱ्या एवढे घट्ट डब्यात नेले तर महिना निघतो. लोणच्याची बरणी विमानाच्या सामानात फुटते, हे ज्यांना पटत नाही त्यांनी अनुभव घ्यावा.

मुलांच्या शाळेचे काय केले? वर्ष वाया जात नाही का?

शाळेत नाव कायम ठेवून दीर्घ रजा मिळणे हे शाळेच्या व्यवस्थापनावर अवलंबून असते, म्हणून निघण्यापूर्वी मुख्याध्यापकांशी लेखी बोलणे करावे. दहावीच्या वर्षाला हात लावू नये. कर्नाटकात ती परीक्षा मार्च-एप्रिलच्या सुमारास होते आणि तिची तयारी किनाऱ्यावर बसून होत नाही. लहान वर्गांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणाचा पर्याय आहे, ज्यातील अ, ब व क हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे मानले जातात.

आपल्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट अधिक लक्षात ठेवावी लागते. सीमाभागातील मराठी माध्यमाचे मूल मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषा शिकत असते. प्रवासात इंग्रजी आपोआप सुधारते, घरात मराठी चालू राहते, आणि कन्नड तेवढे मागे पडते. परतल्यावर पाठ्यक्रम तर सुटत नाही, म्हणून रोज अर्धा तास कन्नड वाचन व लेखन ठेवावे. आमच्या मुलांनी हुबळीकडच्या मावशीला आठवड्यातून एक कन्नड पत्र लिहायचे असा नेम होता. त्या पत्रांत व्याकरणाच्या चुका पुष्कळ असत, पण खेकड्यांची माहिती भरपूर असे.

अभ्यास सकाळीच उरकावा. थायलंडचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असते, त्यामुळे इकडच्या शिक्षकांचा सकाळचा ऑनलाइन वर्ग तिथे ऐन ऊन चढण्याच्या वेळी येतो आणि मुलांना सावलीत बसवण्याचे आयतेच कारण मिळते.

दिवसभर करायचे तरी काय? मुले कंटाळत नाहीत का?

कंटाळतात, आणि कंटाळू द्यावे. पहिल्या काही दिवसांत 'आता काय' असा प्रश्न दर तासाला येतो. त्याचे उत्तर आपण दिले नाही तर मुले स्वतः शोधतात.

ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या ते वाटाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी उमटलेली दिसते. बोटाच्या पेराएवढे खेकडे वाळूतील खाण्याजोगे कण चाखून उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात, आणि त्या गोळ्या बिळापासून किरणांसारख्या ओळींत पसरत जातात. पावलाची चाहूल लागताच खेकडा बिळात जातो. निश्चल बसले तर काही मिनिटांत आधी दोन डोळे वर येतात, मग एक नांगी. आमच्या मुलांनी यात जितके तास घालवले तितके कोणत्याही तिकिटाच्या ठिकाणी घालवले नाहीत. भरतीचे पाणी ही सगळी नक्षी पुसते आणि पुढच्या ओहोटीला नवी तयार होते, त्यामुळे भरती-ओहोटीचे वेळापत्रक भिंतीवर लावून त्यानुसार जेवणाच्या वेळा ठरू लागतात.

बाहेर पडायचे तर आठवड्यातून एकदा पुरे. जुन्या लांता गावातील चिनी धाटणीची लाकडी घरे, दक्षिण टोकावरील दीपगृह, आणि समुद्र शांत असेल तेव्हा को रोकच्या प्रवाळांपर्यंतची बोट एवढे पुष्कळ होते. हत्तीवर बसण्याच्या सहली टाळाव्यात.

समुद्र मुलांसाठी सुरक्षित असतो का?

गावाकडच्या विहिरीत कमरेला डबा बांधून पोहायला शिकलेल्या माणसाला समुद्राची भीती वाटत नाही, आणि नेमका तोच धोका आहे. विहिरीत लाटा नसतात आणि पाणी ओढत नाही. किनाऱ्यावरून आत जाणाऱ्या ओढीच्या प्रवाहात सापडल्यास त्याच्याविरुद्ध पोहून दमू नये. तरंगत राहून किनाऱ्याला समांतर पोहावे आणि ओढ कमी झाल्यावर तिरके बाहेर यावे. लाल निशाण असेल तर पाण्यात जाऊच नये. अंदमान किनाऱ्यावर नोव्हेंबर ते एप्रिल समुद्र बहुधा शांत असतो, तरीही मूल पाण्यात असताना एका मोठ्या माणसाचे काम फक्त पाहणे हेच असावे. त्याच्या हातात मोबाइल नसावा.

पेटी जेलीफिश क्वचित आढळते, पण तिचा दंश प्राणघातक ठरू शकतो. म्हणून थायलंडच्या अनेक किनाऱ्यांवर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या लावलेल्या असतात. दंश झाल्यास जागा चोळू नये, गोडे पाणी ओतू नये, किमान 30 सेकंद सतत व्हिनेगर ओतावे आणि 1669 या वैद्यकीय आपत्कालीन क्रमांकावर दूरध्वनी करावा. अंगभर लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख उन्हापासूनही वाचवतो आणि दंशापासूनही.

26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीचा फटका या बेटालाही बसला होता. किनाऱ्यांवर उंच जागेकडे जाण्याच्या दिशादर्शक पाट्या आहेत. पहिल्याच दिवशी त्या वाटेने मुलांसह चालून यावे. जमीन जोराने हादरली किंवा समुद्र अचानक मागे हटला, तर भोंग्याची वाट न पाहता चढण धरावी.

ऊन, डास आणि आजारपण यांची तयारी कशी करावी?

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर असल्याने आपली हवा थंड, आणि दमट उकाडा आपल्याला लवकर बाधतो. सकाळी दहा ते दुपारी तीन घरात किंवा सावलीत राहावे. प्रवाळांना घातक ठरणारे ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट यांसारखे घटक असलेली सनस्क्रीन थायलंडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत 2021 पासून निषिद्ध आहेत. लेबल वाचून घ्यावे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून केवळ रात्रीची मच्छरदाणी पुरेशी नाही. कुत्रे किंवा माकड चावले वा ओरबाडले तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठावा.

प्रवासविमा घेताना मुदत पाहावी. अनेक पॉलिसी एका सफरीसाठी 180 दिवसांपर्यंतच असतात आणि मुदतवाढ आधीची संपण्यापूर्वीच घ्यावी लागते. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराच्या देशांतून पुढे येत असाल तर लसीचे प्रमाणपत्र लागते. ते लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी ग्राह्य धरले जाते.

स्कूटर भाड्याने घ्यावी का?

परवाना असेल तरच. निघण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा आणि त्यावर दुचाकीचा वर्ग नोंदलेला आहे ना हे पाहावे, कारण तो नसताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. एका स्कूटरवर चौघांनी बसण्याची आपली सवय तिथे विसरावी. अमानत म्हणून पासपोर्ट कोणालाही देऊ नये.

स्थानिक लोकांशी वागताना काय लक्षात ठेवावे?

को लांतावरील बहुसंख्य रहिवासी मुस्लिम आहेत, शिवाय चिनी वंशाची कुटुंबे आणि उराक लावोई हा समुद्रावर जगणारा समाज तिथे पिढ्यान् पिढ्या राहतो. पोहण्याचे कपडे किनाऱ्यापुरते ठेवून गावात व बाजारात खांदे-गुडघे झाकलेले कपडे घालावेत. उराक लावोईंच्या वस्तीत न विचारता छायाचित्रे काढू नयेत. आपल्या दारातून कोणी परका माणूस स्वयंपाकघराचे फोटो काढत गेला तर आपल्याला जसे वाटेल, तसेच त्यांनाही वाटते.

तिथून नोकरीचे काम करता येते का?

पर्यटन सवलतीवर स्थानिक नोकरी करता येत नाही. भारतातील कंपनीचे काम दूरस्थ पद्धतीने दीर्घकाळ करायचे असेल तर थायलंडने 2024 मध्ये सुरू केलेला पाच वर्षांचा डेस्टिनेशन थायलंड व्हिसा पाहावा. त्यात एका प्रवेशावर 180 दिवसांपर्यंत राहता येते, मात्र 5 लाख बाटची शिल्लक दाखवावी लागते. काम करणाऱ्याने कामाचे तास घरच्यांना स्पष्ट सांगावेत, नाहीतर विश्रांती इतरांची आणि चिडचिड त्याची अशी वाटणी होते.

सणवार परदेशात कसे साजरे होतात?

थोडक्यात आणि हाताशी असेल त्यातून. दिवाळी अंदमान किनाऱ्याच्या हंगामाच्या सुरुवातीला येते. घरी असताना मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. तिथे त्यांनी ओल्या वाळूचा, आपल्या बेळगावजवळचा राजहंसगड केला, बुरुजांसाठी नारळाच्या करवंट्या पालथ्या घातल्या आणि भरतीच्या रेषेच्या वर जागा निवडण्यावरून दोघांत कडाक्याचे भांडण झाले. फटाके नव्हते. चिवडा भडंगाच्या मसाल्यावर निभावला.

आजी-आजोबांना मध्ये काही दिवस बोलावता येईल का?

जरूर बोलवावे, आम्हाला आलेल्या प्रश्नांपैकी हा सर्वांत चांगला. जानेवारी-फेब्रुवारीत हवा कोरडी व समुद्र शांत असतो, तेव्हाच तिकीट काढावे. विमानतळांवर चाकाच्या खुर्चीची मागणी तिकिटासोबतच नोंदवावी आणि बँकॉकला विमान बदलताना किमान तीन-चार तासांचे अंतर ठेवावे. क्राबीहून सामायिक व्हॅनऐवजी खासगी गाडी सांगावी, कारण ती फेरीवरही चढते आणि ज्येष्ठांना मध्ये उतरावे लागत नाही. घर तळमजल्याचे, पायऱ्या नसलेले व पाश्चात्त्य शौचालयाचे असावे. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या मूळ वेष्टनात, मुक्कामापेक्षा दोन आठवड्यांच्या अधिक, आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्या असतील तर थायलंडमध्ये त्यांना परवानगी लागते का हे आधी तपासावे. येताना त्यांनी कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, आणलाच तर तो कोरडा, घट्ट आटवलेला घ्यायला सांगावा आणि पोहोचल्यावर त्याच दिवशी संपवावा.